एसी ट्रॅक्टरचा गॅस कुठे जातो?

मार्च उजाडला की फोन सुरू होतात आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, "मिस्त्री, गॅस संपलाय, भरून द्या." पंढरपूर-माळशिरस भागात ट्रॅक्टरच्या आणि ऊसतोडणी हार्वेस्टरच्या केबिनमधले एसी दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. हे वाक्य बोलणाऱ्या मालकांना माझं सांगणं असतं, की एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. आणि पुष्कळदा तर तो कमी झालेलाच नसतो, कारण खरा आजार धुळीचा असतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस तापतो. तो कंडेन्सरच्या जाळीत जातो, बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि पातळ होतो. पुढे ड्रायर त्यातला ओलावा टिपतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम उतरतो आणि द्रव उकळायला लागतो. आज वापरात असलेला आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनमधल्या हवेतून ओढून घेतो आणि पंखा तीच हवा गार करून ड्रायव्हरच्या अंगावर सोडतो. थोडक्यात, एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. तोच बुजला तर सगळं अडतं.

आणि आमच्याकडे तो बुजतोच. उन्हाळी नांगरटीत, रोटर मारताना काळ्या रानातून उडणारा फुफाटा पिठासारखा बारीक असतो. उसाच्या फडात पाचटाचा भुगा उडतो. काही केबिनचा कंडेन्सर टपावर असतो, काहींचा रेडिएटरच्या पुढे. कुठेही असला, तरी पत्र्यांच्या फटींत हा भुगा बसतो, वर तेलाचा ओशटपणा आला की तो चिकटतो. मग उष्णता बाहेर जात नाही, जास्त दाबाच्या बाजूचा गेज चढत जातो आणि दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. ड्रायव्हरला जाणवतं एवढंच, की सकाळी गार लागतं आणि भर दुपारी बंद पडतं. अशा गाडीत आणखी गॅस भरला, तर दाब वाढून कॉम्प्रेसरवरच बेततं.

धूळ काढायचीही रीत आहे. हवा ज्या बाजूने आत शिरते, तिच्या उलट बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारायची, नळी लांब धरून, सरळ रेषेत. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. धुवायचंच असेल, तर बागेच्या पाइपचं साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. खत पेरल्यावर तर हे नक्की करावं, कारण खताची भुकटी आणि दव मिळून ॲल्युमिनियम खातात.

दुसरी जागा केबिनच्या एअर फिल्टरची. तो चोंदला की कूलिंग कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही, कॉइल प्रमाणाबाहेर गार होते आणि तिच्यावर बर्फ धरतो. लक्षण अगदी ठरलेलं असतं : थोडा वेळ छान गार हवा येते, मग झोत कमी होत जातो. जेवणाच्या सुट्टीत गाडी उभी राहिली की बर्फ वितळतो आणि पुन्हा सगळं ठीक चालतं. इथे गॅसला हात लावायचं कारण नाही. फिल्टर काढा, झटका, आतून बाहेर हलकी हवा मारा. कागद फाटला असेल किंवा रबराची कड सुटली असेल, तर नवीन बसवा.

फिल्टरचं आणखी एक काम आहे. पंखा बाहेरची गाळलेली हवा आत ढकलतो, म्हणून केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि फटींमधून हवा बाहेरच जाते. फिल्टर बुजला की हा दाब उतरतो आणि पेडलच्या भोकांतून, लिव्हरच्या फाटक्या रबरातून धूळ आत शिरते. डॅशबोर्डवर रोज थर दिसत असेल, तर दाराचं रबर आणि फिल्टर दोन्ही तपासा. आतलीच हवा सतत फिरवत ठेवली, तरीही हा दाब मिळत नाही. त्यामुळे थोडी बाहेरची हवा येऊ द्यावी.

फवारणीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. काचा बंद आहेत आणि एसी चालू आहे, म्हणून औषधापासून आपण वाचलो, असं ड्रायव्हर धरून चालतात. साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ अडवत नाही. युरोपात केबिनच्या संरक्षणाच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. धूळ, तुषार आणि वाफ या तिन्हींपासून वाचवणारी पातळी फक्त चौथी, आणि तिच्यासाठी कोळशाचा थर असलेला फिल्टर लागतो. तो फिल्टर हवेने झटकून पुन्हा वापरता येत नाही. तो नसेल, तर केबिनमध्ये बसूनही योग्य मास्क आणि हातमोजे घालावेत आणि औषधाने भरलेले कपडे आत आणू नयेत.

काही तक्रारी पाच मिनिटांत सुटतात. ज्या केबिनमध्ये हीटर आहे, तिथे इंजिनचं गरम पाणी आत येतं. थंडीत उघडलेला त्याचा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर उन्हाळ्यात एसी आणि हीटर एकमेकांशी झुंजत बसतात. बेल्ट ढिला असेल, तर तो घसरून चिरकतो आणि कॉम्प्रेसर पूर्ण फिरत नाही. टपातून ड्रायव्हरच्या मांडीवर पाणी ठिबकत असेल, तर कॉइलखालची पाणी काढणारी नळी मातीने तुंबलेली असते.

हे सगळं पाहून झाल्यावर गॅसकडे यायचं. मशीन बंद असताना गेज लावून "गॅस आहे की नाही" सांगणाऱ्यावर विसंबू नका. बंद मशीनमध्ये ३५ अंश तापमानाला आर-१३४ए साधारण ११४ पीएसआय दाखवतो. आत द्रव थोडा असो की भरपूर, आकडा तोच. मशीन चालवून दोन्ही बाजूंचे दाब एकत्र वाचावे लागतात. दोन्ही कमी असतील, तर गळतीचा संशय घ्यायचा. मग सांधे, ओ-रिंग, कॉम्प्रेसरचं सील तपासायचं. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून जिथे ओशट धुळीचा डाग दिसेल, तिथे आधी साबणाचं पाणी लावतो.

गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवतो. दाब इतका उतरतो, की नळ्यांतला ओलावा साध्या तापमानालाच उकळून निघून जातो. तो राहिला, तर व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि तेल खराब करतो. यंत्रणा बराच वेळ उघडी राहिली असेल, तर ड्रायर बदलावाच. शेवटी स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाचा किंवा तसलाच पेटणारा गॅस कोणी भरू पाहत असेल, तर त्याला हात लावू देऊ नका. कॉइल ड्रायव्हरच्या डोक्यावर किंवा सीटखाली असते, गळती बंद केबिनमध्ये होते.

जुना गॅस हवेत सोडणंही थांबलं पाहिजे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. असे वायू कमी करण्याचा करार २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणं म्हणजे पैसे देऊन हवा तापवणं.

हंगाम संपल्यावर हार्वेस्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा असतो. तेव्हा पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी चालवावा. कॉम्प्रेसरच्या सीलला तेल पोहोचतं ते तो फिरला तरच. सुकलेलं सील पुढच्या हंगामात गळतं. उंदीर वायरी कुरतडतात, पंख्याच्या नळीत घरटी करतात, म्हणून खरकटं आणि धान्य केबिनमध्ये ठेवू नये.

काही मालकांना एसी म्हणजे ड्रायव्हरची चैन वाटते. ते मला पटत नाही. चारी बाजूंनी काच असलेली केबिन एसीशिवाय उन्हात उघड्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त तापते. खाली इंजिनची धग असते, समोर फिरणारी अवजारं असतात. उन्हाने डोकं गरगरलेला माणूस ती चालवणार असेल, तर अपघात दूर नाही. ट्रकच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड गाड्यांसाठी सरकारने एसी सक्तीचा केला, तो याच विचाराने.

पण ड्रायव्हरची मजुरी एकरावर किंवा टनावर ठरलेली असते. जाळी आणि फिल्टर साफ करायला तो थांबला, तर त्याचेच पैसे बुडतात, म्हणून तो थांबत नाही. माझी मालकांना विनंती आहे, की सकाळच्या ग्रीसिंगबरोबर पंधरा मिनिटं या सफाईला द्या आणि तो वेळ कामाचा धरून त्याचे पैसे द्या. कॉम्प्रेसर बदलण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत, आणि दिवसभर ती हवा ज्याच्या छातीत जाते, त्याचा तेवढा हक्क आहे.