पडद्यावरचे पुस्तक : नग घेण्याआधी पोत पाहावा

आमच्या भिवंडी शहरातील उर्दू माध्यमाच्या एका शाळेच्या समितीवर आम्ही काही वर्षांपासून आहोत. अलीकडे या समितीपुढे एक प्रस्ताव आला. एका कंपनीचे प्रतिनिधी आले आणि म्हणाले, "शेठ, चाळीस टॅब घ्या. सगळी पुस्तके त्यातच भरलेली आहेत. मुलांच्या पाठीवरचे ओझे गेले, छपाईचा खर्च गेला." रक्कम मोठी होती आणि ती देणगीच्या पैशातून जाणार होती. समितीतील तरुण सभासद उत्साहात होते. आम्ही मात्र आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ग्रे कापडाच्या व्यापारात आमची निम्मी उमर गेली. ताका उलगडून, भिंग लावून सूत मोजल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही. मुलांच्या तालमीचा सौदा तसाच कसा करावा?

त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि घरी पाहिले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज असा प्रस्ताव अनेक शाळांच्या दारात उभा आहे.

हा माल आला कोठून?

इलेक्ट्रॉनिक पुस्तक ही कालची गोष्ट नाही. १९७१ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत पुस्तकांचा संग्रह उभा राहिला. २००७ साली अॅमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र ३९९ डॉलरला बाजारात आणले. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद पडल्या. तेव्हा जी मुले पुस्तक दप्तरातून काढीत होती, ती अब्बांच्या मोबाइलमधून काढू लागली. त्या कठीण काळात पडद्यावरच्या पुस्तकाने मोठा आधार दिला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

भावाचा हिशेब

प्रतिनिधी म्हणाले, छपाईचा खर्च वाचेल. कोणाचा वाचेल? महाराष्ट्रात सरकारी व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. तेथे शाळेचा छपाईखर्च नव्हताच, मग वाचणार काय? १९६७ साली पुण्यात स्थापन झालेली बालभारती आपली पाठ्यपुस्तके उर्दूसह अनेक माध्यमांत छापते आणि त्यांच्या पीडीएफ प्रती आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. केंद्र सरकारचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाइल धरला की धड्याची जोडसामग्री उघडते. म्हणजे त्या टॅबमधील बराच माल असा होता की जो बाजारात फुकट मिळतो. गाठोडे बांधून त्याला भाव लावला होता, इतकेच.

कराचेही पाहा. जीएसटी २०१७ साली आला तेव्हा छापील पुस्तकाला माफी होती, पण ई-पुस्तकावर १८ टक्के कर बसला. जुलै २०१८ मध्ये, ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्तीही आहे, त्याचा दर ५ टक्के करण्यात आला. टॅबची बॅटरी, फुटणारी काच, दुरुस्ती, वीज आणि इंटरनेट हा खर्च वेगळाच. छापील पुस्तकाला चार्जर लागत नाही, आणि एका मुलाचे झाले की ते दुसऱ्याच्या हाती जाते.

भाडे की मालकी?

व्यापारात खरेदी आणि भाडे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळ ई-पुस्तकांच्या बाबतीत आपण पुस्तक विकत घेत नाही, वाचण्याचा परवाना घेतो. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटीफोर' आणि 'अॅनिमल फार्म' ही विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याला हक्कच नव्हता, असे कारण होते. पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली, पण ग्राहकाच्या घरातील कपाट दुकानदाराला उघडता येते हे जगाला समजले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली.

आमच्या शाळेलाही याचा चटका बसला आहे. २०२१ साली समितीने एका दुसऱ्या कंपनीकडून पंचवीस टॅब घेतले होते. करारावर सह्या करणाऱ्यांत आम्हीही होतो. परवाना तीन वर्षांचा आहे हे आतल्या पानावर लिहिले होते, ते आम्ही वाचले नाही. २०२४ साली मुदत संपली आणि पुस्तके उघडेनाशी झाली. टॅब कपाटात पडून आहेत. त्याच कपाटात चाळीस वर्षांपूर्वीचा एक उर्दू शब्दकोश आहे. त्याची शिवण सुटली आहे, पण मुले आजही तो उघडून पाहतात. देणगीदारांना आम्ही काय जबाब द्यावा? ही चूक आमची होती आणि ती येथे कबूल करतो.

अभ्यासाचा हिशेब

पैशापेक्षा मोठा प्रश्न असा की, पडद्यावर वाचून मूल शिकते का? याचा शोध विद्वानांनी घेतला आहे. नॉर्वेत अॅन मांगेन व सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. काहींनी उतारा कागदावर वाचला, काहींनी संगणकावर. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा कागदावर वाचणाऱ्यांची समज सरस ठरली होती. २०१८ साली पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर असेल तर कागदावरची समज सरस, आणि वेळेचे बंधन असेल तर फरक आणखी वाढतो, असे दिसले. कथा-गोष्टीत मात्र फरक आढळला नाही. मुले पडद्याला सरावतील तसा फरक मिटेल असे आपल्याला वाटते, पण या १७ वर्षांत तो वाढतच गेला होता.

याचे कारण काय असावे? रॅकफेट अॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना हवा तेवढा वेळ घेऊ दिला, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांनी अभ्यास लवकर आटोपला. आपल्याला समजले आहे असे त्यांना जास्त वाटले आणि गुण मात्र कमी पडले. म्हणजे केवळ डोळ्यांचा दोष नाही, पडद्यावर आपण घाईने वाचतो आणि स्वतःची फसवणूक करून घेतो.

हे वाचून आम्ही दहावीतील धाकट्या मुलीला विज्ञानाचा एक पाठ मोबाइलवर वाचायला सांगितला. वीस मिनिटांत ती म्हणाली, "अब्बू, झालं, सगळं समजलं." मोबाइल बाजूला ठेवून सांग म्हटले तर तिसऱ्या मुद्द्यापाशी अडकली. दुसऱ्या दिवशी दुसरा पाठ छापील पुस्तकातून दिला. वेळ दुप्पट लागला, पेन्सिलीच्या रेघा ओढल्या गेल्या, पण सांगताना ती थांबली नाही. मधल्या एका शब्दाला अडली तेव्हा म्हणाली, "तो डाव्या पानावर खाली होता." एका मुलीवरून नियम होत नाही, हे आम्ही जाणतो. पण पानाची जागा लक्षात राहते, ही गोष्ट आमच्याही अनुभवाची आहे.

स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने शाळांत पडदे पुष्कळ आणले होते. २०२३ साली त्याच देशाच्या सरकारने शाळांना छापील पुस्तके घेण्यासाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर मंजूर केले. त्यांनी किंमत मोजून जो धडा घेतला, तो आपल्याला फुकट मिळत आहे.

उर्दू वाचकाचा नफा आणि अडचण

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमची पुस्तके कातिबांच्या हातची असत. १९८१ साली नूरी नस्तालीक आले, १९९४ साली दिल्लीत तयार झालेले इनपेज आले आणि उर्दू संगणकावर लिहिली जाऊ लागली. तरीही पडद्यावरची जुनी उर्दू पुस्तके बहुतेक पानांचे फोटो असतात. अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. शब्द शोधावा तर सापडत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल लहान पडद्यावर असे पान किती वेळ वाचेल?

पण नफाही मोठा आहे. जी किताब पूर्वी दिल्ली-लखनौच्या ग्रंथालयात जाऊन पाहावी लागे, ती २०१३ साली सुरू झालेल्या रेख्तासारख्या संग्रहात घरबसल्या उघडते. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी २०१६ साली सुगम्य पुस्तकालय सुरू झाले. तेथे पुस्तक ऐकता येते. अशा मुलाला ई-पुस्तक नाकारणे म्हणजे त्याची शाळाच नाकारणे होय.

मग सौदा कसा करावा?

आज कापडाचे नमुने व्हॉट्सअॅपवर येतात. रंग, डिझाइन, भाव क्षणात कळतो आणि निवड सोपी होते. पण पोत बोटांनाच कळतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी ताका मागवावा लागतो. आमच्या मते ई-पुस्तकाचेही तसेच आहे. शोधण्यासाठी, निवडण्यासाठी, दुर्मीळ ग्रंथ मिळवण्यासाठी ते उत्तम. समजून घेण्याचा, पाठ करण्याचा, परीक्षेचा अभ्यास मात्र कागदावर व्हावा.

समितीत आम्ही हेच मांडले. चर्चा तास-दीड तास चालली. तरुण सभासदांनी आम्हाला जुन्या वळणाचे म्हटले, तेही आम्ही ऐकून घेतले. अखेर ठरले ते असे : चाळीसऐवजी सहा टॅब घ्यायचे, ते ग्रंथालयात ठेवायचे, त्यांत फुकट मिळणारी पुस्तके भरायची, आणि उरलेल्या रकमेतून छापील पुस्तके व दोन कपाटे घ्यायची. जुने पंचवीस टॅबही दुरुस्त होतात का हे पाहायचे.

ज्या शाळांपुढे असा प्रस्ताव येईल त्यांनी विक्रेत्याला चार प्रश्न जरूर विचारावेत. यातील कोणती पुस्तके इतरत्र मोफत आहेत? परवाना किती वर्षांचा? मुदत संपल्यावर पुस्तके आमच्याकडे राहतील का? आणि इंटरनेट नसताना ती उघडतील का? उत्तरे कागदावर, सही-शिक्क्यासह घ्यावीत. तोंडी भावावर आम्ही कापडसुद्धा घेत नाही. मुलांची तालीम तर त्याहून कितीतरी महाग माल आहे.