पहिला समुद्रकडा कोणता? पौर्णिमा टाळा, दोर कोण धरतो ते पाहा

शिरवण्याच्या विहारात एका रविवारी वंदना आटोपली आणि आमच्या तरुणांनी विषय काढला. यंदा सहल समुद्रकिनारी न्यायची, पण नुसते वाळूत बसून परत यायचे नाही. समुद्रातला कातळकडा दोर लावून चढायचा. एकाने मोबाईलवर हरिहरेश्वरचे छायाचित्र दाखविले. काळा कातळ, खाली फेसाळलेला समुद्र. स्थळ ठरले, वाहन ठरले, दिवसही ठरला. दिवस होता पौर्णिमेचा!

तुर्भ्याच्या बाजारात माथ्यावर ओझी वाहून मुलीला महाविद्यालयात शिकविणारी एक माउली मागे बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, पोरीला नको म्हणत नाही मी. पण वरती दोर कोण धरणार, तेवढं सांगा." सभा गप्प झाली. उत्तर कुणाजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही पुढचे काही दिवस खर्च केले. इतर वस्त्यांतील तरुणांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

प्रथम दिवसाविषयी. पौर्णिमा हा आपला उपोसथाचा दिवस, म्हणून सहलीलाही तोच निवडण्याची आपली सवय. परंतु पौर्णिमा आणि अमावस्या हे समुद्राच्या उधाणाचे दिवस असतात. त्या दिवसांत भरती सर्वांत उंच चढते, आणि आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर ती नेमकी भर दुपारी बाराच्या सुमारास येते. म्हणजे आपली मुले कड्याच्या पायथ्याशी पोहोचणार, त्याच वेळी पाणीही पोहोचणार.

आपल्या भागातील जुने आगरी-कोळी बांधव यासाठी एक साधा हिशेब वापरतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. भरती सकाळी सहाच्या आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. मध्ये बाराच्या आसपास ओहोटी. शिवाय अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरतीचा जोरही कमी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. दक्षिणेकडे या वेळेत थोडा फरक पडतो, म्हणून छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे आणि तेथील मच्छीमारांना विचारावे.

तिथी म्हटले की आपल्या काही बंधूंच्या कपाळाला आठी पडते. हा पंचांगाचा मुहूर्त नव्हे. चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी वरखाली होते, हे शास्त्र आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. वाशीच्या खाडीपुलाजवळ एक दिवस उभे राहा आणि घड्याळ लावून पाहा.

आता स्थळाविषयी. हरिहरेश्वर पाहण्यासारखे आहे यात वाद नाही. परंतु तेथील प्रदक्षिणेचा खडकाळ मार्ग भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. लाटेने ओढून नेल्यामुळे तेथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. नवख्याने पायथ्यापासून चढायला सुरुवात केली आणि मध्येच हात भरून आले, तर खाली परतायला जमीनच उरत नाही. साध्या डोंगरात आणि समुद्रकड्यात मोठा फरक आहे तो हाच. समुद्रकड्यावर बहुधा वरून दोराने उतरायचे आणि मग वर चढून यायचे असते. म्हणून पहिल्या वेळी तीन गोष्टी हव्यात: माथ्यापर्यंत पायी जाण्याची वाट, माथ्यावर दोर धरणारा जाणकार, आणि चढणारा थकला तर त्याला वर घेण्यासाठी अगोदरच बांधून ठेवलेला दुसरा दोर.

खडकही पाहावा लागतो. कोकणात पुष्कळ ठिकाणी वर जांभा आणि खाली काळा कातळ असतो. जांभा हातात ढिसूळ होऊन येतो. काळ्या कातळावर शेवाळ असेल तर पाय ठरत नाही. खाऱ्या हवेने खडकात ठोकलेले लोखंडही गंजते. बौद्धांच्या थायलंड देशात क्राबीच्या समुद्रकड्यांवर पोलादी खिळे असे खराब झाले, तेव्हा तेथे टायटॅनियमचे बसवावे लागले. तेव्हा आधीच ठोकलेला खिळा दिसला म्हणून त्यावर जीव टांगू नये. कारखान्यातला नायलॉनचा दोरही चालत नाही. चढाईचा दोर ताणला जाऊन पडण्याचा झटका सोसतो. साधा दोर तो झटका कंबरेला देतो.

या कसोट्या लावल्यावर आम्हाला रत्नागिरीचा रत्नदुर्ग योग्य वाटला. तीन बाजूंना समुद्र, पण किल्ल्यावर पायी जाता येते. 'रत्नदुर्ग माउंटेनिअर्स' ही तेथील संस्था दोराच्या साहाय्याने कडे उतरण्याचे कार्यक्रम घेत आली आहे. पनवेलहून कोकण रेल्वेने जाता येते. आणखी एक कारण आपल्या जिव्हाळ्याचे. ब्रह्मदेशाचे अखेरचे बौद्ध राजे थिबा यांना इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवले. 1916 साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचा राजवाडा मुलांनी पाहिलाच पाहिजे.

मात्र थेट रत्नागिरी नाही. त्याआधी दोन रविवार मुंब्र्याचा कातळ. तेथे गिर्यारोहक वर्षानुवर्षे सराव करतात आणि जुईनगरहून ठाणेमार्गे लोकलने जाता येते. गाठ बांधणे, दोर धरणे, घाबरलो तर तसे मोकळेपणाने सांगणे, हे सारे कोरड्या जमिनीवर शिकायचे. 25 मे 2014 रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेली पूर्णा मालावत तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती. ती आदिवासी शेतमजुरांची मुलगी. तिच्याबरोबरचा आनंद कुमार दलित कुटुंबातला. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृह शाळांतील या मुलांनी पहिले धडे घेतले ते हैदराबादजवळच्या भोनगिरच्या कातळावर. एव्हरेस्टला जाणाऱ्यांनी जर घराजवळून सुरुवात केली, तर आपल्याला कसली लाज?

पावसाळ्यात समुद्रकडा नाहीच. थंडीतला, अष्टमीच्या आसपासचा रविवार धरायचा. लाटांच्या टप्प्यात कुणी उतरायचे नाही. साहित्य आणि जाणकार संस्थेचे, आणि मुली-मुलगे दोघेही येणार.

हे सारे आम्ही पुढच्या वंदनेनंतर वाचून दाखविले. त्या माउलीने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मुंब्र्याला मी आले तर चालेल ना? दोर धरणाऱ्याचं तोंड तरी पाहीन."

आम्ही म्हटले, ताई, अवश्य या. किंबहुना प्रत्येक आईबापाने यावे. मुलांना अडवू नका. पण दोर कुणाच्या हाती आहे, हे स्वतः पाहिल्याशिवाय पाठवूही नका.

जयभीम!