श्रवणहानी, गोंगाटजन्य : प्राण्यांवरील प्रयोग

तीव्र आवाजाच्या सान्निध्यामुळे ऐकण्याची क्षमता तात्पुरती वा कायमची कमी होणे, म्हणजे गोंगाटजन्य श्रवणहानी होय. जिवंत माणसाचा अंतर्कर्ण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाही. त्यामुळे या विकृतीविषयीचे ज्ञान मुख्यत्वे गिनीपिग, चिंचिला व उंदीर यांवरील प्रयोगांतून मिळाले आहे. चिंचिलाची श्रवणकक्षा मानवाच्या कक्षेशी बरीच जुळते. उंदराला मात्र मानवास ऐकू न येणारे अतिउच्च कंप्रतेचे [दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे] ध्वनीही ऐकू येतात, म्हणून त्याच्यावरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत केशकोशिकांच्या ओळी असतात. अतितीव्र ध्वनीने कोशिकांवरील सूक्ष्म केस मोडतात व पुढे कोशिकाही मरतात. सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कोंबडीच्या पिलांत मात्र त्या नव्याने तयार होतात, असे १९८८ मध्ये दिसून आले.

श्रवणमापनासाठी बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या डोक्याच्या त्वचेत विद्युत् अग्रे बसवून ध्वनीला मिळणारा प्रतिसाद नोंदवितात. ज्या किमान पातळीस प्रतिसाद मिळतो, ती श्रवणसीमा. ही सीमा पूर्ववत झाली की कान बरा झाला, असा दीर्घकाळ समज होता. २००९ मध्ये शेरॉन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी तो मोडीत काढला. त्यांनी उंदरांना १०० डेसिबेलचा आवाज दोन तास ऐकविला. श्रवणसीमा सुमारे दोन आठवड्यांत पूर्वस्थितीवर आली, केशकोशिकाही शाबूत राहिल्या. परंतु त्यांना श्रवणतंत्रिकेशी जोडणारी संधिस्थाने काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमची नष्ट झाली होती. तंत्रिका कोशिकांचा ऱ्हास तर पुढे अनेक महिने चालू राहिला.

भोर-वेल्ह्याकडील एखाद्या जत्रेत ढोल-ताशांजवळ तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाचे कान रात्रभर गुणगुणतात आणि एकदोन दिवसांत त्याला पहिल्यासारखे ऐकू येऊ लागते. तेवढ्यावरून कानाला इजा झाली नाही, असे म्हणता येत नाही. माणसात ही छुपी हानी किती प्रमाणात होते, यावर तज्ञांत मतभेद आहेत. गजबजाटात समोरच्याचे बोलणे न उमगणे, हे तिचे संभाव्य लक्षण मानले जाते आणि शांत खोलीतील नेहमीच्या श्रवणचाचणीत ते सापडत नाही. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे.