बल्बसॉरची परीक्षा

मधल्या सुट्टीत तुमच्यात जे वाद रंगतात, त्यांपैकी एका वादाचा निकाल अजून लागलेला नाही. पोकेमॉन या खेळाच्या आरंभी तीन प्राणी खेळाडूपुढे येतात: अग्नीचा चारमँडर, जलाचा स्क्वर्टल आणि वनस्पतिवर्गातला बल्बसॉर. या तिघांत श्रेष्ठ कोण, हा तो वाद. बहुमत सहसा चारमँडरकडे झुकते, कारण मोठेपणी तो पंख पसरून ज्वाळा ओकतो. बल्बसॉरच्या वाट्याला 'बेडकासारखा दिसतो' एवढाच शेरा येतो. कोणी त्याची बाजू घेतलीच, तर अमुक एका यादीत तो पहिला होता, असा उसना दाखला पुढे करतो. मत दोन्ही पक्षांना आहे. मताला आधार मात्र कोणाजवळच नाही. कवितेचे रसग्रहण करताना 'कविता छान आहे' एवढे लिहून गुण मिळत नाहीत. का छान आहे, हे दाखवावे लागते. तोच नियम लावून आज आपण बल्बसॉरची परीक्षा घेऊ.

प्रथम थोडा पूर्वपरिचय. सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदातून सुचलेला हा खेळ 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. त्यात 151 प्राणी होते आणि त्यांची विभागणी 15 वर्गांत केलेली होती. त्यांच्या नोंदवहीत पहिला क्रमांक बल्बसॉरचा आहे. त्याच्या पाठीवर जन्मापासून एक बीज असते. प्राणी वाढतो तसे तेही वाढते. 16 व्या पातळीला त्याचा आयव्हीसॉर होतो व पाठीवर कळी दिसते. 32 व्या पातळीला व्हीनसॉर होतो व कळीचे फूल होते. प्रस्तुत लेखातील आकडे मुख्यतः या पहिल्या खेळातील आहेत.

आता परीक्षेकडे वळू. पहिला मोह असतो तो बेरजेचा. प्रत्येक प्राण्याला जीवनशक्ती, आक्रमण, संरक्षण, वेग आणि विशेष शक्ती असे पाच मूळ अंक दिलेले आहेत. बल्बसॉरचे अंक अनुक्रमे 45, 49, 49, 45 व 65, बेरीज 253. स्क्वर्टलची बेरीज 250 आणि चारमँडरची 249. म्हणजे पहिल्या व शेवटच्या विद्यार्थ्यांत अवघ्या चार गुणांचे अंतर! पूर्ण वाढ झाल्यावर तर तेही उरत नाही. व्हीनसॉर, चॅरिझार्ड आणि ब्लास्टॉइज या तिघांचीही बेरीज नेमकी 425 आहे. तेव्हा केवळ एकूण गुण पाहून निकाल लावू म्हणणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

फरक आहे तो वाटणीत. चॅरिझार्डने आपले भांडवल वेगात घातले आहे. त्याचा वेग 100. ब्लास्टॉइजचे संरक्षण 100. व्हीनसॉरची विशेष शक्ती 100 आहे, आणि त्याचे उरलेले चारही अंक 80 ते 83 यांच्या दरम्यान आहेत. एका विषयात प्रावीण्य आणि इतर विषयांत समतोल, असे त्याचे प्रगतिपुस्तक आहे. त्याचे वनस्पतिवर्गातले वार विशेष शक्तीवरच अवलंबून असतात. त्यामुळे हे प्रावीण्य वाया जात नाही.

दुसरी कसोटी वर्गसंबंधांची. प्रतिकूल वर्गावर वार दुप्पट बसतो, अनुकूल वर्गावर निम्मा. वनस्पती पाणी, माती आणि खडक यांवर प्रभावी ठरते. ही कल्पना अगदी निसर्गातली आहे: मुळे पाणी शोषतात, माती धरून ठेवतात आणि खडकालाही भेग पाडतात. परंतु अग्नी, विष, कीटक, पक्षी आणि ड्रॅगन हे पाच वर्ग, आणि स्वतः वनस्पतीही, तिचा वार निम्म्यावर आणतात. 151 पैकी 33 प्राणी विषवर्गातले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव किती मोठी आहे ते कळते. शिवाय बल्बसॉर स्वतःही अर्धा विषवर्गातला आहे. त्यामुळे अग्नी, हिम व पक्षी यांच्या भयात मनोवर्गाचे भय अधिक मिळते. पहिल्या खेळात कीटकांचा वार तर त्याच्यावर चौपट बसतो.

या कोष्टकाचा व्यवहारात काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने पाहू. पहिल्या आखाड्याचा प्रमुख ब्रॉक. त्याचा मुख्य प्राणी ओनिक्स खडक आणि माती अशा दोन्ही वर्गांचा आहे. बल्बसॉरची साधी धडक 35 बळाची. खडकावर ती निम्मी होऊन 17½ उरते. 13 व्या पातळीला तो 'व्हाइन व्हिप' म्हणजे वेलीचा फटका शिकतो. त्याचेही बळ 35 च आहे. पण वार आपल्याच वर्गाचा असल्याने तो दीडपट, म्हणजे 52½ होतो. खडकामुळे दुप्पट व मातीमुळे पुन्हा दुप्पट होऊन 210 वर जातो. समान बळाचे दोन वार, आणि परिणामात बारा पटींचा फरक! त्यातही ओनिक्सचे संरक्षण 160 आणि विशेष शक्ती केवळ 30. धडक त्याच्या भक्कम बाजूवर आदळते, वेल त्याच्या दुबळ्या बाजूला लागते. म्हणून 12 व्या पातळीला घाईने आखाड्यात उतरणारा आणि आणखी एक पातळी थांबणारा, यांच्या अनुभवांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

तिसरी कसोटी काळाची. नेहमीच्या क्रमाने पाहता पहिल्या तीन आखाड्यांत खडक, पाणी आणि वीज हे वर्ग येतात. पहिल्या दोहोंवर बल्बसॉरचा वार प्रभावी, आणि विजेचा वार त्याच्यावर निम्मा. चौथ्या आखाड्यात वनस्पतीच समोर असते व पाचव्यात विष. तेथे त्याची धार बोथट होते. सहाव्यात मनोवर्ग व सातव्यात अग्नी, ही त्याची खरी सत्त्वपरीक्षा. आठव्यात माती येते आणि त्याला पुन्हा थोडे बळ मिळते. चारमँडरची वाटचाल याच्या उलट असते. पहिल्याच दोन दारांशी तो अडखळतो. बल्बसॉर नवख्याला हात धरून अर्ध्या वाटेपर्यंत नेतो. पुढे मात्र सोबतीला इतर वर्गांचे प्राणी जमवलेले असावे लागतात.

चौथी कसोटी मला सर्वांत मनोरंजक वाटते. ती म्हणजे लढण्याची पद्धत. 7 व्या पातळीला बल्बसॉर 'लीच सीड' हा डाव शिकतो. प्रतिस्पर्ध्यावर एक बीज पडते आणि प्रत्येक फेरीत त्याच्या पूर्ण जीवनशक्तीचा सोळावा भाग काढून बल्बसॉरला देते. 160 शक्तीच्या प्रतिस्पर्ध्याकडून फेरीमागे 10, म्हणजे पाच फेऱ्यांत 50. तेवढे त्याचे घटतात आणि तेवढीच आपली झीज भरून निघते. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढते, ते तुम्ही पाहिले असेल. पक्ष्यांमुळे त्याचे चिकट बी फांदीला लागते, तेथेच रुजते आणि झाडातील पाणी व क्षार ओढून घेते. पण त्याची पाने हिरवी असतात. अन्न ते सूर्यप्रकाशात स्वतः तयार करते. बल्बसॉरही तसाच. एकीकडे दुसऱ्याचे शोषण, दुसरीकडे उन्हाचे बळ साठवून केलेला 'सोलर बीम' हा वार. पानाफुलांच्या जगातले हे दोन्ही मार्ग खेळाच्या कर्त्यांनी एकाच प्राण्यात आणले, याचे कौतुक वाटते.

या डावालाही मर्यादा आहेत. वनस्पतिवर्गातल्या प्रतिस्पर्ध्यावर बीज रुजतच नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने प्राणी बदलला की परिणाम संपतो. 'स्लीप पावडर'ने त्याला झोपवता येते, पण ते चूर्ण शंभरात 75 वेळाच लागू पडते. लढाई लांबली तर बल्बसॉरला फायदा; दोन फटक्यांत निकाल लागणार असेल, तर बीज पेरायला सवड कोठून मिळणार?

पाचवी कसोटी नियमांची आहे, आणि तीच बहुतेकजण विसरतात. पहिल्या खेळात मर्मी घाव बसण्याची शक्यता प्राण्याच्या वेगावर ठरत असे. 80 वेगाच्या व्हीनसॉरचा साधा वार 256 पैकी 40 वेळा मर्मी लागे. पण त्याचा 'रेझर लीफ' हा पानांचा वार 256 पैकी 255 वेळा मर्मी लागून जवळजवळ दुप्पट इजा करी. 1999 च्या पुढील खेळात हा नियम बदलला, आणि त्याच वाराचे मर्मी घाव चारांत एकावर आले. उलट, 'लीच सीड'चा सोळावा भाग त्याच वेळी आठवा झाला. प्राणी तोच, नाव तेच. मूल्य मात्र एका बाजूने घटले व दुसऱ्या बाजूने वाढले. म्हणून एका खेळाचा निकाल दुसऱ्या खेळाला लावणे म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची उत्तरे नव्या प्रश्नपत्रिकेत लिहिण्यासारखे आहे.

आता निकाल. पहिल्या खेळात, नवख्या खेळाडूचा पहिला सोबती म्हणून बल्बसॉर तिघांत श्रेष्ठ आहे, असे माझे मत आहे. एकट्याच्या बळावर शेवटपर्यंत जाऊ पाहणाऱ्याला तो पुरा पडणार नाही, हेही तितकेच खरे. निकालाच्या या दोन वाक्यांत किती अटी आहेत ते पाहा: कोणत्या खेळात, कोणासाठी, कोणाविरुद्ध, केव्हापर्यंत. अटी काढून टाकल्या की उरते ती केवळ आवड. आवड असण्यात गैर काही नाही. तिला निकाल म्हणू नये, इतकेच.

हे सारे एका खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. दहावीनंतर तुम्हांला शाखा निवडावी लागेल, आणि तेव्हाही अमुक शाखा पहिली, तमुक दुसरी, अशा तयार याद्या तुमच्या हाती दिल्या जातील. त्या वेळी हेच प्रश्न विचारा: ही यादी कोणासाठी केली आहे, कोणत्या परिस्थितीत ती खरी आहे, आणि माझ्या गुणांची वाटणी कशी आहे? एकूण बेरीज सारखी असलेल्या दोन मुलांची वाट एकच असेल असे नाही. खेळात चुकीचा प्राणी निवडला, तर खेळ पुन्हा आरंभापासून सुरू करता येतो. आयुष्यात काही निवडींना तशी सवलत नसते. म्हणून पारखण्याची सवय खेळातच लावून घ्यावी, हे बरे.