पुणे स्ट्रायकर्स : एका हंगामाचा संघ

मंडळी, संघ का टिकतो हे कळायला न टिकलेला संघ बघावा. पुणे स्ट्रायकर्स, आपल्याच जिल्ह्याच्या नावाचा हॉकी संघ. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. आठ संघ. पुणे अंतिम फेरीत पोचलं आणि २ एप्रिलला मुंबईत शेर-ए-पंजाबकडून ५-२ असं हरलं. उपविजेता संघ! तो पुन्हा मैदानात उतरलाच नाही.

का? लीग भरवली भारतीय हॉकी महासंघानं, निंबस कंपनीबरोबर. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता मात्र हॉकी इंडियाला. या ओढाताणीत दुसरा हंगाम पुढे ढकलत ढकलत बारगळला. २०१३ मध्ये हॉकी इंडियानं स्वतःची लीग काढली. तिच्यात मुंबई होती, पुणे नव्हतं.

आता जुन्नर-आंबेगावचा बैलगाडा घ्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली आणि घाट पुन्हा गजबजले. कारण गाडा घरचा, यात्रा गावाची. स्ट्रायकर्सला लीगबाहेर घरच नव्हतं. खडकीनं धनराज पिल्ले दिला, तोही अशा लीगच्या कितीतरी आधी.

म्हणून उद्या कुणी नवी लीग आणली, तर एवढंच विचारा : ही बंद पडली, तर मागं पोरांच्या हातात स्टिक राहील का?