आधी दात बघा, मग चारा विचारा

सातारा-सांगलीकडं यात्रेसाठी बकरं घ्यायला गेलेला जाणता माणूस आधी त्याचा जबडा उघडतो. सगळे दुधाचे दात असतील तर ते साधारण वर्षाच्या आतलं. वर्ष-दीड वर्षाच्या दरम्यान पुढचे दोन पक्के दात येतात, पुढं जोडी-जोडीनं वाढत जातात आणि चौथ्या वर्षाच्या आसपास आठही दात जुळतात. ही पारख खरीच आहे, पण तिनं चवीचा निम्माच अंदाज येतो. जनावर काय खाऊन वाढलं, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

आधी वयाचं बघू. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. कोवळ्या पालव्यात ते लवकर विरघळतं आणि रस्सा अंगाला धरतो. वय वाढेल तसे त्याचे आपसातले बंध पक्के होतात, म्हणून जून मेंढी तास न्‌ तास मंद आचेवर ठेवावी लागते. पण वयाबरोबर मांसाला रंग देणारं मायोग्लोबिनही वाढतं, रंग गडद होतो, चव भरते. अगदी कोवळं मटण मऊ लागतं, पण अळणी रस्सा पाणचट होतो. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी बाकदार नाकाची, उंच आणि झपाट्यानं वाढणारी. ती कमी वयात वजन धरते, म्हणून मोठं बकरं म्हणजे जूनच, हा हिशेब तिच्याबाबत चुकतो.

आता चारा. मटणाचा खास वास चरबीत असतो. चरबी काढून नुसतं मांस शिजवलं तर ते कुठल्या जनावराचं हे ओळखणं अवघड जातं. मका आणि भरडा भरपूर घातला की जनावराच्या पोटात प्रोपियोनेट नावाचं आम्ल जास्त तयार होतं. यकृताला ते सगळं पचवता येत नाही. उरलेल्यातून फांद्या फुटलेली मेदाम्लं बनतात आणि चरबीत साठतात. उग्र वास येतो तो त्यांचाच. वय वाढेल तसा तो वाढतो, खच्ची न केलेल्या नरात सर्वांत जास्त. लसूणघासासारख्या प्रथिनं भरपूर असलेल्या हिरव्या चाऱ्याचं वेगळंच. त्यातल्या प्रथिनांपासून पोटात स्कॅटोल तयार होतं, आणि शेणाच्या वासातही तेच असतं.

माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर मेंढरं वाळलं गवत, बोरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खातात. या झाडपाल्यात टॅनिन असतं. ते पोटातल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि स्कॅटोल कमी तयार होतं. शिवाय धनगरांचे कळप चाऱ्यामागं मैलोन्‌मैल चालतात, त्यानं स्नायू भरीव होतात. माणदेशी मटणाचं कौतुक मला म्हणूनच नुसतं गावाभिमानाचं वाटत नाही. कृष्णाकाठच्या बागायतीत गोठ्यात बांधून पोसलेलं बकरं वजनाला भारी भरेल, पण चवीला माळावरचं माझ्या मते सरस.

चारा आणि चवीचा जगभरातला बराच अभ्यास गोमांसावर झाला आहे. महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळं तो प्रश्न इथं मुख्यतः मेंढरा-शेरडांचाच उरतो. पण एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हिरवं गवत खाणाऱ्या गाईची चरबी कॅरोटीनमुळं पिवळसर होते, तिचं तूपही म्हणूनच पिवळं असतं. मेंढीची चरबी मात्र काहीही खाल्लं तरी पांढरीच राहते. खाटकाच्या दुकानात टांगलेल्या मटणाकडं बघून चारा ओळखता येत नाही.

तो विचारावाच लागतो. यात्रेला बकरं घ्यायचं असेल तर खच्ची केलेलं, दोन दाती, माळावर चरलेलं मागा. घरी आणून पोसायचं असेल तर शेवटचे काही आठवडे मका आणि लसूणघास आवरता घ्या, कडबा आणि बाभळीच्या शेंगा द्या. आणि ज्याच्याकडून घेता त्या मेंढपाळाला माळावरच्या चवीचे दोन पैसे जास्त द्या.