सेलमधली काळी पूड

आम्ही नवी मुंबईच्या बचत गटातल्या. टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या पुडीत मँगनीज असतं. आपल्या राज्यात त्याच्या खाणी नागपूर-भंडाऱ्यात आहेत: मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग.

फार पूर्वी तिथे मँगनीजचा गाळ वाळू-मातीसोबत पाण्याखाली साचला, मग खोल गाडला गेला. आव्यात मडकं न वितळता पक्कं होतं, तसा उष्णतेने अन् दाबाने त्या गाळाचा कठीण खडक झाला. त्यात ब्राउनाइट, गार्नेट ही खनिजं तयार झाली. गार्नेट-गारगोटीच्या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं.

मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होतो. हात थरथरतात, चाल अडखळते. घरचं कुणी खाणीत जात असेल तर कपडे झटकू नका, वेगळे भिजवून धुवा. मुलांना सेल फोडू देऊ नका.